बायबलमधील जलप्रलय आणि उत्खननाचा पुरावा : एक आढावा

प्रश्न एक नाही, तीन आहेत

बायबलमध्ये सांगितलेला जलप्रलय खरोखर घडला का आणि जमिनीत त्याचा पुरावा सापडतो का, हा वाद साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्यात धर्मशास्त्री आहेत, भूगर्भशास्त्रज्ञ आहेत, मातीच्या पाट्यांवरची प्राचीन लिपी वाचणारे आहेत आणि समुद्रतळाचा गाळ तपासणारेही आहेत. त्यांची उत्तरे जुळत नाहीत. याचे एक मोठे कारण असे, की पुष्कळदा प्रत्येक जण वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देत असतो.

मूळ कथा उत्पत्ती या पुस्तकाच्या सहाव्या ते नवव्या अध्यायांत येते. माणसांची दुष्टाई पाहून देव पृथ्वीवरील जीवन पुसून टाकायचे ठरवतो. नीतिमान नोहाला तो तारू बांधायला सांगतो. ते तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद आणि तीस हात उंच असावे, असे माप देतो. नोहाचे कुटुंब आणि पशुपक्ष्यांच्या जोड्या तारवात शिरतात. चाळीस दिवस, चाळीस रात्री पाऊस कोसळतो आणि डोंगर बुडतात. शेवटी तारू अरारात पर्वतांवर टेकते आणि देव नोहाशी करार करतो.

या कथेबद्दल तीन स्वतंत्र प्रश्न विचारता येतात. मानवी काळात सारी पृथ्वी बुडवणारा पूर आला होता का, हा पहिला. एखाद्या विशिष्ट प्रदेशात आलेल्या महापुराची आठवण या कथेत उतरली आहे का, हा दुसरा. आणि ही कथा कुठून आली, कशी घडत गेली, हा तिसरा. पहिल्याचा पुरावा खडकांत, हिमस्तरांत आणि झाडांच्या वाढवलयांत शोधावा लागतो, दुसऱ्याचा गाळाच्या थरांत आणि तिसऱ्याचा जुन्या लेखनात. हे तीन प्रश्न वेगळे ठेवले, तर वाद नेमका कुठे मिटला आहे आणि कुठे चालू आहे ते नीट दिसते.

खडकांतला शोध

सतराव्या शतकातील युरोपात या कथेच्या सत्यतेविषयी फारशी शंका नव्हती. प्रश्न तपशिलाचा होता. आयर्लंडमधील आर्चबिशप जेम्स अशर यांनी बायबलमधल्या वंशावळींची बेरीज करून १६५० मध्ये सृष्टीची निर्मिती इ.स.पू. ४००४ ला ठरवली. त्या हिशेबात जलप्रलय इ.स.पू. २३४८ च्या आसपास येतो. बायबलच्या जुन्या ग्रीक अनुवादातले आकडे घेतले तर तो आणखी सात-आठ शतके मागे जातो. इंग्लंडमध्ये जॉन वुडवर्ड यांनी १६९५ मध्ये खडकांचे थर आणि त्यांतील जीवाश्म हे या प्रलयाचेच अवशेष आहेत, असे मांडले. डोंगरावर सापडणारे समुद्री शिंपले त्या काळी या मताचा सर्वांत ठोस आधार वाटत.

अभ्यास वाढत गेला तशी ही मांडणी आतूनच डळमळू लागली. थर एकाच वेळी साचलेले दिसेनात. काही थरांत वाळवंटातील वाळूच्या टेकड्या होत्या, काहींत वाळलेल्या चिखलाच्या भेगा, तर काहींत प्राण्यांनी कोरलेली बिळे. एका वर्षाच्या खळबळत्या पाण्यात हे सारे तयार होणे शक्य नव्हते. ऑक्सफर्डचे विल्यम बकलंड यांनी १८२३ मध्ये गुहांतील हाडे आणि वरवरचा खडीमिश्रित गाळ यांच्या आधारे प्रलयाचे समर्थन केले होते. ते स्वतः धर्मगुरू होते. केंब्रिजचे अ‍ॅडम सेजविक हेही धर्मगुरूच. सेजविक यांनी १८३१ मध्ये लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेच्या अध्यक्षपदावरून आपले प्रलयविषयक मत जाहीरपणे मागे घेतले. १८३६ पर्यंत बकलंडही तेथवर आले. १८४० मध्ये लुई अगासी यांनी तो गाळ हिमनद्यांनी वाहून आणल्याचे दाखवले, तेव्हा उरलेला आधारही गेला. डार्विनचा उत्क्रांतीवरील ग्रंथ १८५९ चा आहे. जागतिक प्रलयाचा सिद्धान्त त्याच्या दोन दशके आधी, श्रद्धावान भूगर्भशास्त्रज्ञांच्या हातूनच बाजूला पडला होता, हे या वादाच्या इतिहासात महत्त्वाचे आहे.

मातीच्या पाट्यांवरची कथा

दुसरे वळण आले ते एका संग्रहालयात. निनवे येथे हेन्री लेयर्ड आणि होर्मुझ्द रस्साम यांनी केलेल्या उत्खननांत असिरियाचा राजा अशुरबनिपाल याचा ग्रंथसंग्रह सापडला होता. इ.स.पू. सातव्या शतकातील त्या हजारो पाट्या ब्रिटिश म्युझियममध्ये आल्या. तेथे काम करणारे जॉर्ज स्मिथ यांनी त्यांतील एका तुकड्यावर डोंगरावर टेकलेली नाव आणि विसाव्याला जागा न मिळाल्याने परत आलेले कबुतर यांविषयीच्या ओळी वाचल्या. ३ डिसेंबर १८७२ रोजी लंडनमध्ये त्यांनी हा शोध वाचून दाखवला. पंतप्रधान ग्लॅडस्टन सभेला हजर होते. तो तुकडा गिल्गमेश महाकाव्याच्या अकराव्या पाटीचा होता.

पुढे याहून जुन्या पाट्या मिळाल्या. अत्राहासिस नावाच्या अक्कादी काव्याची प्रत इ.स.पू. सतराव्या शतकातील आहे. १९६९ मध्ये लॅम्बर्ट आणि मिलार्ड यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती काढली, तेव्हा निर्मितीपासून प्रलयापर्यंतची सलग कथा वाचता येऊ लागली. निप्पूर येथील सुमेरी पाटीवरचा नायक झिउसुद्रा आहे. ती पाटी १९१४ मध्ये आर्नो पोबेल यांनी प्रसिद्ध केली. २०१४ मध्ये अर्विंग फिंकेल यांनी इ.स.पू. अठराव्या शतकाच्या सुमाराची एक लहान पाटी वाचून दाखवली. तीत नाव गोल असावी असे सांगून दोर आणि डांबर किती लागेल तेही दिले आहे. त्या वर्णनानुसार लहान प्रमाणातली एक गोल नाव केरळात बांधून पाण्यात उतरवण्यातही आली.

या कथा आणि नोहाची कथा यांतले साम्य वरवरचे नाही. देवाची आगाऊ सूचना, नावेची मापे, डांबराचा लेप, प्राण्यांचा भरणा, डोंगरावर टेकणे, एकामागून एक पक्षी सोडणे आणि शेवटी यज्ञाचा सुवास हा सारा क्रम जुळतो. भेदही तितकेच ठळक आहेत. अत्राहासिसमध्ये माणसांच्या गोंगाटाने एन्लिल देवाची झोप मोडते म्हणून प्रलय येतो. उत्पत्तीत कारण नैतिक आहे. तिथे देवांमध्ये भांडण होते; इथे देव एकच असून तो शेवटी मानवाशी करार करतो. गिल्गमेशमध्ये वादळ सहा दिवस आणि सात रात्री चालते. उत्पत्तीत चाळीस दिवस.

खुद्द उत्पत्तीतही दोन धागे विणलेले दिसतात. एका धाग्यात शुद्ध प्राण्यांच्या सात-सात जोड्या आणि चाळीस दिवसांचा पाऊस आहे, दुसऱ्यात सर्व प्राण्यांची एकेक जोडी आणि दीडशे दिवसांचे पाणी. अठराव्या शतकात झाँ अस्त्रुक यांनी सुरू केलेली आणि एकोणिसाव्या शतकात युलियस वेलहाउझेन यांनी पक्की केलेली ही चिकित्सा तपशिलांत आजही वादग्रस्त आहे. मात्र कथेत एकाहून अधिक परंपरा एकत्र आल्या आहेत, हे बहुतेक बायबल-अभ्यासक मानतात. परंपरेचा सन्मान राखून कथा एकसंध असल्याचे सांगणारे अभ्यासकही आहेत. कथेची समतोल, जणू आरशात पाहावी तशी उलट क्रमाने परतणारी रचना हा त्यांचा मुख्य आधार आहे.

ऊर, किश आणि शुरुप्पक

पाट्यांनी कथेचे माहेर दक्षिण इराकमध्ये दाखवले. साहजिकच उत्खनकांची नजर तेथील जमिनीकडे वळली. लेनर्ड वुली १९२२ ते १९३४ या काळात ब्रिटिश म्युझियम आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयातर्फे ऊर येथे उत्खनन करीत होते. १९२८-२९ च्या हंगामात राजघराण्याच्या थडग्यांखाली खोल गेल्यावर त्यांना खापरे वा राख नसलेला स्वच्छ गाळ लागला. तो काही ठिकाणी अडीच, तर काही ठिकाणी तीन मीटरांहून अधिक जाड होता. त्याच्या खाली पुन्हा वस्ती होती, उबैद संस्कृतीची रंगवलेली खापरे होती. हाच तो जलप्रलय, असे वुलींनी जाहीर केले. त्यांच्या मते तो जगभराचा पूर नव्हता, तर तैग्रिस-युफ्रेटिसच्या खालच्या खोऱ्यातील विस्तीर्ण प्रदेश बुडवणारा महापूर होता.

त्याच सुमारास किश येथेही पुराचे थर मिळाले. त्या मोहिमेचे प्रमुख स्टीफन लँग्डन यांनी तेच प्रलयाचे असल्याचे म्हटले. किशचे थर मात्र सुरुवातीच्या राजवंशांच्या काळातले, म्हणजे साधारण इ.स.पू. २९०० ते २६०० या शतकांतले निघाले. ऊरचा गाळ त्याहून हजार वर्षे किंवा अधिकच जुना आहे. १९३१ मध्ये एरिक श्मिट यांनी फारा येथे, म्हणजे प्राचीन शुरुप्पक येथे, खणले. गिल्गमेशमधील प्रलयनायक उत्नपिश्टिम याच शहराचा. तेथे इ.स.पू. २९०० च्या सुमारास अर्ध्या मीटरहून थोडा अधिक जाडीचा पुराचा थर मिळाला.

एखाद्या थराला कथेतल्या पुराचा मान द्यायचा तर चार गोष्टी तपासाव्या लागतात. तो पाण्याने साचला आहे का आणि कुठवर पसरला आहे? तो नेमका कधीचा आहे? त्याच्या आधीची आणि नंतरची वस्ती तुटलेली आहे का? कथेशी त्याचा काही स्वतंत्र सांधा आहे का? ऊरचा गाळ पहिल्याच कसोटीवर अडखळतो. खुद्द ऊरमध्ये सर्व खड्ड्यांत तो नाही. काही किलोमीटरवरच्या उबैद येथे तो सापडला नाही. सुमारे वीस किलोमीटरवरच्या एरिदू येथे १९४० च्या दशकात फुआद सफर आणि सेटन लॉइड यांनी मंदिरांचे एकावर एक थर उलगडले. तिथेही तो नव्हता. या साऱ्या प्रदेशावर एकाच पाण्याचा लोट फिरला असता, तर त्याची खूण या शेजारच्या जागांवर दिसायला हवी होती.

तिसऱ्या कसोटीबाबतही ऊरने काही सांगितले आहे. त्या गाळात खणलेल्या, म्हणजे पुरानंतरच्या, उबैद काळातील कबरी वुलींना मिळाल्या. त्यांतील एक सांगाडा फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात कागदपत्रांविना पडून होता. २०१४ मध्ये त्याची ओळख पटली. तो सुमारे साडेसहा हजार वर्षांपूर्वीचा आहे. पूर ओसरल्यावर माणसे तिथेच राहिली आणि त्याच संस्कृतीची भांडी वापरत राहिली, असे हा पुरावा सांगतो.

मॅक्स मॅलोवन यांनी १९६४ मध्ये या साऱ्या थरांचा एकत्रित विचार केला. एखादा ऐतिहासिक पूर निवडायचाच असेल तर तो शुरुप्पक आणि किशचा, साधारण इ.स.पू. २९०० चा, असे त्यांचे मत होते. कथेतल्या नायकाचे शहर, पुराचा थर आणि राजवंशांच्या परंपरेतील काळ हे तिन्ही तिथे एकत्र येतात. दोनच वर्षांनी जलशास्त्रज्ञ रॉबर्ट रेक्स यांनी आक्षेप घेतला. या सपाट खोऱ्यात नद्या आपला काठ गाळाने उंच करतात, तो फोडून पात्र बदलतात. डोंगरांतले बर्फ वितळले की एप्रिल-मेमध्ये, नेमके पीक हाताशी येताना पाणी चढते. अशा प्रदेशात प्रत्येक शहराला आपापला पूर असणारच आणि त्यांचे गाळ वेगवेगळ्या काळांचे असणारच, असा या आक्षेपाचा गाभा आहे. या प्रदेशाचे नदीशास्त्र आज जितके कळले आहे, ते याच बाजूला झुकते.

जुने पूर वाचण्याचे शास्त्र त्यानंतर खूप पुढे गेले. नदीच्या आडोशाला संथ पाण्यात साचलेल्या गाळाच्या थरांवरून हजारो वर्षांतले महापूर मोजता येतात. आपल्याकडे पुण्याचे भूगोलतज्ज्ञ विश्वास काळे यांनी नर्मदा आणि तापीच्या खोऱ्यांत याच पद्धतीने काम केले. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगातील लोकांनी पुराचे पाणी वळवण्यासाठी बांधलेला बांध आणि पाट मिळाला. पूर आणि वस्ती शेकडो वर्षे शेजारी नांदतात, याचा हा घरचा पुरावा आहे.

साऱ्या पृथ्वीवरचा प्रलय

एकोणिसाव्या शतकात मागे पडलेले जागतिक प्रलयाचे मत विसाव्या शतकात अमेरिकेत पुन्हा उभे राहिले. १९६१ मध्ये धर्मशास्त्री जॉन व्हिटकॉम आणि जलअभियंता हेन्री मॉरिस यांनी 'द जेनेसिस फ्लड' हा ग्रंथ लिहिला. त्यांची मांडणी अशी : बायबलचा मजकूर साऱ्या पृथ्वीबद्दल बोलतो. सर्वोच्च डोंगरांवर समुद्री जीवाश्म आहेत. खंडोखंडी पसरलेले गाळाचे खडक आहेत. जगभरच्या समाजांत प्रलयकथा आहेत. शिवाय रेडिओकार्बनसारख्या कालमापन पद्धती भूतकाळातील परिस्थिती आजच्यासारखीच होती असे गृहीत धरतात, आणि हे गृहीतकच त्यांना मान्य नाही. इजिप्तच्या राजवंशांचा काळही बराच आखडून घ्यावा लागेल, असे ते मानतात.

या मांडणीसमोर परस्परांपासून स्वतंत्र असलेले अनेक पुरावे उभे आहेत. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा समुद्री चुनखडक खरा आहे. तो भूखंडांच्या टकरीने वर उचलला गेला आणि त्याचे वय कोट्यवधी वर्षांचे आहे. कॅलिफोर्नियातील ब्रिसलकोन पाइन जातीचे मेथुसेला हे झाड ४,८०० वर्षांहून जुने आहे. मध्य युरोपातील ओक आणि पाइन यांच्या वाढवलयांची अखंड साखळी बारा हजार वर्षांहून मागे जाते. जपानच्या सुइगेत्सु सरोवरात दरवर्षीचे पातळ थर हजारो वर्षे न विस्कटता साचलेले आहेत. ग्रीनलँडच्या हिमस्तरांत एक लाख वर्षांहून अधिक काळाची नोंद आहे. यांतल्या कशातही साऱ्या पृथ्वीवर खारे पाणी चढून गेल्याची खूण नाही.

मानवी वस्त्यांची साक्षही तीच आहे. अशर यांनी काढलेल्या तारखेच्या आसपास इजिप्तमध्ये पाचव्या राजवंशाकडून सहाव्याकडे सत्ता जात होती, पिरॅमिड बांधले जात होते आणि लेखन चालू होते. सिंधू खोऱ्यात हडप्पा आणि मोहेंजोदडो भरभराटीत होते. यांत खंड दिसत नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या रेडिओकार्बन अभ्यासाने इजिप्तच्या राजवंशांचा रूढ कालक्रम बऱ्याच अंशी पक्का केला. प्रलयकथांच्या जागतिक प्रसाराबद्दल मानववंशशास्त्रज्ञ दोन गोष्टी सांगतात. नदीकाठी वा समुद्राकाठी राहणाऱ्या प्रत्येक समाजाला पुराचा अनुभव असतो. आणि अनेक कथा नोंदवल्या गेल्या तेव्हा मिशनऱ्यांकडून बायबलची कथा तेथे आधीच पोचलेली होती.

खरोखरच अवाढव्य पूर आला तर भूगर्भशास्त्र तो ओळखते, याचेही उदाहरण आहे. जे. हार्लेन ब्रेट्झ यांनी १९२३ पासून अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या खडकाळ दऱ्या हिमयुगातील प्रचंड पुरांनी कोरल्या, असे मांडले. कित्येक दशके त्यांना विरोध झाला. पुरावा साचत गेला तसे ते मत स्वीकारले गेले आणि १९७९ मध्ये त्यांना पेनरोज पदक मिळाले. महापुरांच्या कल्पनेविषयी शास्त्राला मुळातच आकस असता, तर हे झाले नसते.

श्रद्धावंतांमध्येही यावर एकमत नाही. बायबलवर पूर्ण निष्ठा असलेले अनेक ख्रिस्ती विचारवंत पूर प्रादेशिक होता असे मानतात. ट्रेम्पर लाँगमन आणि जॉन वॉल्टन यांनी २०१८ मध्ये असे मांडले, की या कथेच्या मागे एखादा खरा पूर असेल, पण तिची जगव्यापी भाषा ही प्राचीन पूर्वेकडील लेखनातील जाणीवपूर्वक अतिशयोक्ती आहे. कॅथलिक चर्चच्या बाजूने पोप पायस बारावे यांनी १९५० च्या परिपत्रकात म्हटले, की उत्पत्तीचे पहिले अकरा अध्याय एका अर्थाने इतिहास आहेत, परंतु ते आधुनिक इतिहासलेखनाच्या पद्धतीने लिहिलेले नाहीत.

समुद्र वर आला तेव्हा

नदीच्या पुराऐवजी समुद्राची चढ हे उगमस्थान मानणारा पक्ष अलीकडचा आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या टोकाला, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होती. बर्फ वितळत गेले आणि किनाऱ्यांवरच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या.

१९९७ मध्ये विल्यम रायन आणि वॉल्टर पिटमन यांनी काळ्या समुद्राबद्दल एक धाडसी सिद्धान्त मांडला. तो पूर्वी गोड्या पाण्याचा, बराच खालच्या पातळीचा तलाव होता. सुमारे ७,६०० वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राचे पाणी बॉस्फरसमधून प्रचंड वेगाने आत घुसले आणि एक लाख चौरस किलोमीटरहून अधिक जमीन बुडाली. तेथून पांगलेल्या शेतकऱ्यांनी ती आठवण मेसोपोटेमियापर्यंत नेली असावी. १९९९ मध्ये रॉबर्ट बॅलार्ड यांच्या मोहिमेला तुर्कस्तानच्या सिनोप बंदराजवळ दीडशे मीटर खोलीवर जुना किनारा आणि गोड्या पाण्यातले शिंपले मिळाले. तिथल्या मानवी वस्तीचा निर्विवाद पुरावा मात्र मिळाला नाही.

हळूहळू आक्षेप वाढले. अली अक्सू आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले, की पाण्याचा ओघ त्याही आधीपासून काळ्या समुद्रातून बाहेर मर्मराकडे होता. लिव्ह्यू जिओसान यांच्या गटाने २००९ मध्ये डॅन्यूबच्या मुखाजवळील गाळावरून अंदाज केला, की पातळीतली चढ पन्नास-साठ मीटर नसून पाच ते दहा मीटरच असावी. रायन यांनीही नंतर घटनेची तारीख सुमारे ८,४०० वर्षांपूर्वीपर्यंत मागे नेली. खारे पाणी आत आले हे सर्वांना मान्य आहे. ते किती, किती वेगाने आणि नेमके कधी, हा वाद खुला आहे. तेथून सुमेरी पाट्यांपर्यंतची चार-पाच हजार वर्षे कथा कोणत्या वाटेने आली, यालाही आधार मिळालेला नाही.

इराणच्या आखाताचा दावा भूगोलाच्या दृष्टीने अधिक जवळचा आहे. हे उथळ आखात हिमयुगात कोरडे होते आणि तैग्रिस-युफ्रेटिसचे पाणी त्याच्या तळातून वाहत असे. कर्ट लॅम्बेक यांच्या १९९६ च्या गणनेनुसार सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वी पाणी आत शिरू लागले आणि सहा हजार वर्षांपूर्वी ते आजच्या किनाऱ्यापर्यंत, किंबहुना थोडे पुढेही, पोचले. २०१० मध्ये जेफ्री रोझ यांनी सुचवले, की या बुडालेल्या खोऱ्यात वस्ती असावी आणि उबैद काळातली गावे तिथून सरकलेल्या लोकांची असावीत. काळ आणि जागा दोन्ही जुळतात. अडचण अशी, की ही चढ हजारो वर्षांची आहे, पाण्याखालच्या वस्त्या अजून उत्खनित झालेल्या नाहीत, आणि मेसोपोटेमियाच्या कथांतले पाणी वादळाने येते आणि ते वादळ आठवड्याभरात शमते.

इतक्या दीर्घ काळची आठवण टिकू शकते का? पॅट्रिक नन आणि निकोलस रीड यांनी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील २१ ठिकाणांच्या आदिवासी कथा तपासल्या. किनारा बुडाल्याच्या त्या आठवणी सात हजार वर्षांहून जुन्या असाव्यात, असे त्यांचे म्हणणे आहे. काही अभ्यासकांना हा काळ पटत नाही. पटला तरी एका समाजातली शक्यता दुसऱ्या समाजाचा पुरावा ठरत नाही.

अरारातवरचे तारू

तारवाच्या शोधाबद्दल थोडक्यात सांगता येईल. बायबल एका शिखराचे नाव घेत नाही. ते अरारात पर्वतांबद्दल, म्हणजे उरार्तू या प्राचीन राज्याच्या डोंगराळ प्रदेशाबद्दल बोलते. बॅबिलोनचा पुरोहित बेरोसस आणि कुराण वेगळ्या जागा सांगतात. पूर्व तुर्कस्तानातील, आज अरारात म्हटल्या जाणाऱ्या ५,१३७ मीटर उंचीच्या ज्वालामुखीवरून १९५५ मध्ये फर्नां नाव्हारा यांनी लाकूड आणले. रेडिओकार्बन तपासणीत ते इसवी सनाच्या सातव्या-आठव्या शतकांच्या आसपासचे ठरले. जवळच असलेली नावेच्या आकाराची दुरुपिनार टेकडी भूगर्भशास्त्रज्ञांच्या मते नैसर्गिक आहे. तारवाचा म्हणून मांडलेला एकही अवशेष आजवर स्वतंत्र तपासणीत टिकलेला नाही.

घटना की साहित्यिक घडण

अलीकडच्या संशोधनात सर्वाधिक हालचाल तिसऱ्या प्रश्नावर आहे. सुमेरी राजावळीच्या, म्हणजे राजांच्या यादीच्या, प्रसिद्ध प्रती प्रलयापूर्वीचे राजे आणि नंतरचे राजे असे दोन भाग करतात. त्यामुळे सुमेरी लोक प्रलयाला इतिहासातील विभाजनरेषा मानत होते, असे वाटे. पण २००३ मध्ये पिओत्र स्टाइनकेलर यांनी ऊरच्या तिसऱ्या राजवंशाच्या काळातली, म्हणजे इ.स.पू. एकविसाव्या शतकाची प्रत प्रसिद्ध केली. तीत प्रलय नाही आणि त्यापूर्वीचे राजेही नाहीत. याच धाग्याने यी सॅम्युएल चेन यांनी २०१३ मध्ये मांडले, की शहरे आणि राज्ये उद्ध्वस्त करणाऱ्या संकटांसाठी सुमेरी कवी महापुराचे रूपक वापरत आणि इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या सुरुवातीला त्या रूपकातून आद्यप्रलयाची कथा उभी राहिली.

हे मत मान्य झाले तर इ.स.पू. २९०० च्या थराशी कथा जोडण्याचा मुख्य दुवा सैल होतो, कारण राजावळीतला प्रलय हाच तो दुवा होता. मॅलोवन यांच्या बाजूने असे म्हणता येते, की जुन्या प्रतीत नसणे म्हणजे परंपरेतच नसणे असे होत नाही. तोंडी कथा लिहिल्या जाण्याआधी पुष्कळ जगतात. दोन्ही बाजूंना नव्या पाट्यांची गरज आहे.

इस्राएली लेखकांपर्यंत कथा कधी पोचली, यावरही दोन मते आहेत. इ.स.पू. सहाव्या शतकात बॅबिलोनमधल्या बंदिवासात त्यांना ती मिळाली, असे एक मत. दुसरे मत ती फार आधीच पश्चिमेकडे गेली असे सांगते. मगिद्दो येथे मिळालेला गिल्गमेशचा इ.स.पू. चौदाव्या शतकातील तुकडा आणि उगारित येथे मिळालेली प्रलयकथेची पाटी या मताला बळ देतात. मगिद्दोच्या तुकड्यावर मात्र प्रलयाचा भाग नाही.

आज आपण कुठे आहोत

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुराव्याच्या पातळीवर मिळाले आहे. मानवी काळात साऱ्या पृथ्वीला बुडवणारा पूर आल्याची खूण नाही, आणि तो आला असता तर जिथे खूण हवी होती तिथे अखंड नोंदी आहेत. जागतिक प्रलय मानणाऱ्यांचा आधार धर्मग्रंथाच्या अर्थावर आहे. तो श्रद्धेचा विषय म्हणून समजून घेता येतो, उत्खननाचा निष्कर्ष म्हणून मांडता येत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अर्धे आहे. दक्षिण मेसोपोटेमियात विध्वंसक पूर वारंवार आले, शहरे बुडाली, माणसे परतली, हे पक्के आहे. त्यांतल्या एकाच पुरावर बोट ठेवून तो नोहाचा असे म्हणण्याइतका पुरावा नाही. शुरुप्पकचा थर हा सर्वांत सन्मान्य उमेदवार आहे, एवढेच म्हणता येते. काळा समुद्र आणि आखात यांचे दावे अजून भूगर्भशास्त्राच्याच टप्प्यावर आहेत. कथेपर्यंतचा पूल बांधायचा राहिला आहे.

तिसऱ्या प्रश्नावर पुरावा सर्वांत समृद्ध आहे. नोहाची कथा मेसोपोटेमियाच्या परंपरेशी जवळून जोडलेली आहे आणि तिला नवा नैतिक व धार्मिक अर्थ इस्राएली लेखकांनी दिला, याबद्दल अभ्यासकांत व्यापक सहमती आहे. दीडशे वर्षांच्या उत्खननांतून या कथेबद्दलचे सर्वांत मोलाचे ज्ञान गाळापेक्षा पाट्यांनी दिले आहे.

पुढची वाट स्पष्ट आहे. आखाताच्या तळाची आणि दक्षिण इराकच्या दलदलींची पद्धतशीर छिद्रणे, फारासारख्या स्थळांवर आधुनिक कालमापनासह नव्याने उत्खनन, आणि संग्रहालयांत न वाचता पडलेल्या पाट्यांचे वाचन यांतून उरलेले प्रश्न सुटू शकतात. तोवर जलप्रलय सापडल्याची बातमी पुन्हा येईल, तेव्हा वाचकाने चार गोष्टी विचाराव्यात : थर कुठवर पसरला आहे, तो कधीचा आहे, त्याच्या दोन्ही बाजूंची वस्ती तुटली आहे का, आणि कथेशी त्याचा सांधा कोणता. एखाद्या शोधाकडे या चारही प्रश्नांची उत्तरे असतील, तर त्याच्याकडे गंभीरपणे पाहायला हवे, मग तो कोणाच्याही मताला अनुकूल असो.